लाकडी प्रार्थनामंदिर

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, सुपीरियर सरोवराच्या काठी, जेकब्सविल नावाचे एक खेडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील खाणींतून तांबडा वालुकाश्म निघे आणि जहाजांतून दूरदूरच्या शहरांना जाई. न्यूयॉर्कच्या जुन्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया या आलिशान हॉटेलासही तो लागला होता.

या खाणींत राबणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पोटासाठी युरोपातील फिनलंड देश सोडून आले होते. परक्या मुलुखात आपल्या भाषेत ईश्वराची प्रार्थना करता यावी, म्हणून त्यांनी १८८८ साली एक चर्च उभारले. दगड फोडणाऱ्या हातांनी बांधलेले हे प्रार्थनामंदिर मात्र लाकडाचे! भिंती साध्या फळ्यांच्या. वर लहानसा घंटेचा मनोरा. डामडौल कोठेच नाही.

पुढे खाणी बंद पडल्या. जगात वीज आली, तरी या चर्चमध्ये रॉकेलचे दिवेच तेवत राहिले. न्यूयॉर्कचे ते हॉटेल १९२९ साली पाडण्यास घेतले. मजुरांचे लाकडी मंदिर आजही उभे आहे.

शब्दार्थ : वालुकाश्म – वाळूचे थर घट्ट होऊन बनलेला दगड.

अभ्यास : हॉटेल व चर्च यांपैकी मजुरांना जवळचे काय वाटले असेल? का?