बारावीनंतर भाषाविज्ञान: भंडाऱ्याच्या मुलांसाठी

मुलाने किंवा मुलीने ‘मला भाषाविज्ञान शिकायचंय’ म्हटले की घरात दोन प्रश्न हमखास निघतात. मराठी तर येतेच, मग शिकायचे काय? आणि शिकून नोकरी कोण देणार? दोन्ही रास्त आहेत.

पहिल्याचे उत्तर घरातल्याच बोलण्यात आहे. ‘बाबू शाळेत जाऊन राहिला.’ साकोली-लाखनीकडे हे ऐकले की बाबू आत्ता वाटेवर आहे, हे सगळ्यांना कळते. पुण्याच्या माणसाला मात्र तो शाळेत गेला आणि तिथेच थांबला, असे वाटू शकते. ‘राहणे’ म्हणजे मुक्काम करणे. हा अर्थ विरत जाऊन ते क्रियापद चालू असलेली क्रिया कसे दाखवू लागले, हा अर्थविज्ञानाचा प्रश्न. ‘जाऊन’ आणि ‘राहिला’ मिळून एकच क्रिया सांगतात ती कोणत्या नियमाने, हे वाक्यविन्यास पाहतो. हिंदीतल्या ‘जा रहा है’शी या रचनेचे नाते तपासायचे तर भाषासंपर्काचा आणि भाषेच्या इतिहासाचा अभ्यास लागतो. घरी ‘जाऊन राहिला’ म्हणणारे पोर गुरुजींसमोर ‘जातो आहे’ म्हणते, त्याचे कारण सामाजिक भाषाविज्ञान शोधते. ‘डोळा’चा ‘डोरा’ आणि ‘पाणी’चे ‘पानी’ होताना जीभ कुठे टेकते, ते स्वनविज्ञान सांगते.

याच बोलीवरून, म्हणजे झाडीबोलीवरून, शाळेत मुलांना ‘अशुद्ध बोलतोस’ म्हणून टोकले जाते, याचे मला फार वाईट वाटते. भाषाविज्ञान शुद्ध-अशुद्धाचा निवाडा करत नाही, बोलण्यातला नियम शोधते. झाडीबोलीला नियम आहेत, आणि साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा शब्दकोश करून तिच्या अभ्यासाचा पाया घातला आहे. घरी पोवारी किंवा गोंडी, गावात झाडी, बाजारात हिंदी, वर्गात प्रमाण मराठी अशा वातावरणात वाढलेल्या मुलाचा कान आधीच तयार असतो. मोठ्या शहरातल्या एकभाषी घरातल्या मुलाला ही तयारी कष्टाने करावी लागते.

आता नोकरीचे. स्पष्टच सांगतो: नुसत्या एम.ए.वर विसंबून राहू नये. एम.ए. आणि नेट ही पात्रता परीक्षा करून प्राध्यापक होता येते, नेटमध्ये भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषयही आहे, पण जागा थोड्या असतात. म्हणून दुसऱ्या कौशल्याची जोड हवी आणि तिचा विचार दहावीनंतर शाखा निवडतानाच करावा लागतो.

वाचा-उपचाराची वाट विज्ञान शाखेतून जाते. उशिरा बोलू लागणारी किंवा अडखळत बोलणारी मुले, पक्षाघातानंतर शब्द हरवलेली माणसे यांच्यासोबत हे काम असते. बीएएसएलपी ही पदवी इंटर्नशिपसह चार वर्षांची. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था या त्यातल्या नावाजलेल्या. व्यवसायासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. प्रवेशापूर्वी कॉलेजला तिची मान्यता आहे का, हे पालकांनी स्वतः तपासावे. झाडी बोलणाऱ्या आजोबांवर उपचार करताना त्यांचे ‘डोरा’ म्हणणे हा उच्चारदोष नाही, हे इथल्या मुलीला वेगळे शिकवावे लागणार नाही.

गणितात गती असेल तर संगणकीय भाषाविज्ञान. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत संगणकशास्त्राची बी.टेक. आणि या विषयातली संशोधन पदवी असा पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम आहे. केंद्राचा ‘भाषिणी’ प्रकल्प 2022 पासून भारतीय भाषांतल्या भाषांतरावर आणि आवाज ओळखण्यावर काम करतो आहे. प्रमाण मराठीवर घडवलेले यंत्र ‘जाऊन राहिला’पाशी अडखळू शकते, तिथे बोली जाणणारा माणूस लागतो.

कला किंवा वाणिज्य घेतलेल्यांनीही निराश होऊ नये. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कोणत्याही शाखेच्या पदवीधराला भाषाविज्ञानाच्या एम.ए.साठी अर्ज करता येतो. जेएनयू आणि हैदराबाद विद्यापीठाचा दरवाजा सीयूईटी परीक्षेतून उघडतो. जवळचे हवे असेल तर वर्ध्याचे हिंदी विश्वविद्यालय आहे, तिथले माध्यम मात्र हिंदी. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले आहे; त्या वर्षी तिथे कोणते अभ्यासक्रम चालू आहेत ते विचारून घ्यावे. पदवीच्या तीन वर्षांत थोडे प्रोग्रॅमिंग किंवा एखादी परकीय भाषा शिकून ठेवली, तर कोशनिर्मिती, अनुवाद, पाठ्यपुस्तके या कामांत पुढे जाता येते.

निर्णय घेण्याआधी सुट्टीत मुलाला ना. गो. कालेलकरांचे ‘भाषा: इतिहास आणि भूगोल’ वाचू द्या. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले आहे, ते इंटरनेटवर खुले आहे. तेही पाहू द्या. मग आजीचे बोलणे तिची परवानगी घेऊन मोबाइलवर दहा मिनिटे ध्वनिमुद्रित करायचे आणि जसेच्या तसे, एकही शब्द ‘सुधारून’ न घेता, लिहून काढायचे. हे काम त्याने न कंटाळता पूर्ण केले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून प्रश्न विचारले, तर अर्ज भरायला हरकत नाही.