रिलेची तत्परता आणि संयम

वीजवाहिनीवर बिघाड झाला की तेवढाच भाग क्षणार्धात उरलेल्या जाळ्यापासून तोडावयाचा, हे संरक्षण-व्यवस्थेचे काम होय. या व्यवस्थेतील पारखी म्हणजे रिले. त्याने आज्ञा दिली की सर्किट ब्रेकर उघडतो. वर्षानुवर्षे रिलेला काहीच करावे लागत नाही, आणि परीक्षा होते ती सेकंदाच्या अंशात. म्हणूनच त्याची विश्वसनीयता जोखणे अवघड. ही विश्वसनीयता दुहेरी असते. बिघाड झाला असता रिलेने हटकून चालले पाहिजे; बिघाड नसता मुळीच चालता कामा नये. पहिल्या गुणाला आपण तत्परता म्हणू, दुसऱ्याला संयम.

संयम सुटला तर काय होते, हे भारताने २०१२ साली पाहिले. ३० जुलैच्या रात्री २ वाजून ३३ मिनिटांनी ४०० किलोव्होल्टची बिना-ग्वाल्हेर वाहिनी खंडित झाली आणि उत्तरेचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तीच वाहिनी पुन्हा तुटली. या वेळी पूर्व व ईशान्य भारतही अंधारात गेला. साठ कोटींहून अधिक वस्तीच्या प्रदेशाला झळ पोहोचली. राज्यांनी ठरल्याहून अधिक वीज उचलली होती, हे खरे; परंतु आरंभी जाळ्यात कोठेही बिघाड नव्हता, असे चौकशी समितीला आढळले.

मग रिले चालला कसा? या जातीचा रिले विद्युतदाबाला प्रवाहाने भागतो. भागाकार लहान आला की तो बिघाड समजतो. त्याचा तिसरा टप्पा शेजारच्या वाहिनीच्याही पलीकडे, फार दूरवर नजर ठेवतो. शेजारचा रिले झोपला तर उपयोगी पडावा म्हणून. त्या दिवसांत याच मार्गावरील दुसरी वाहिनी कामासाठी बंद होती. प्रवाह वाढला, दाब उतरला, भागाकार घसरला आणि नुसते ओझे रिलेला बिघाडासारखे दिसले. त्याला नेमून दिलेली मर्यादा त्याने इमानाने पाळली, एवढेच!

विश्वसनीयता वाढवण्याचा रूढ उपाय म्हणजे एकाच्या जागी दोन रिले. प्रत्येक जण शंभरांत एकदा चुकत असेल, तर दोघेही एकाच वेळी चुकण्याचा संभव दहा हजारांत एक. मात्र दोघांना एकाच बॅटरीतून वीज मिळत असेल तर हे गणित कागदावरच राहते. शिवाय दोहोंपैकी कोणीही तोडू शकत असल्याने तत्परता वाढते, संयम घटतो. तिघांपैकी दोघांचे एकमत आवश्यक ठेवले तर दोन्ही गुण बऱ्याच अंशी साधतात. खर्च अर्थातच वाढतो.

समितीने त्रयस्थांकडून संरक्षण-व्यवस्थेची तपासणी करावी आणि ती ठरावीक काळाने पुन्हा करावी, अशी शिफारस केली. अशा तपासणीत रिलेला कृत्रिम प्रवाह देऊन तो चालतो का, हे पाहणे सोपे असते. त्याची मर्यादा आजच्या ओझ्याला, त्यातही शेजारची वाहिनी बंद असतानाच्या ओझ्याला, पुरी पडते का, हे मात्र प्रत्येक वेळी नव्याने मोजावे लागते.