सिझरनंतर नॉर्मल: आधी दवाखाना ठरवा

एकदा सिझर झालं की पुढचंही सिझरच, असं बुलढाणा जिल्ह्यात गावोगाव ठामपणे सांगितलं जातं. त्याच गावात, पुष्कळदा त्याच घरात, बाईला दुसरा सल्लाही मिळतो: कळा चांगल्या जोरात येईपर्यंत दवाखान्याची पायरी चढू नकोस, लवकर गेलीस तर पुन्हा पोट फाडतील. पहिल्या सल्ल्याला आधार जुना आहे आणि तो बऱ्याच अंशी कालबाह्य झाला आहे. दुसरा सल्ला तर जिवावर बेतू शकतो. माझं म्हणणं असं की एक सिझर झालेल्या बहुतेक बायकांना पुढच्या खेपेला नॉर्मल बाळंतपणाचा प्रयत्न करता येतो. पण आपल्यासारख्या पसरलेल्या जिल्ह्यात ‘नॉर्मल की सिझर’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या दवाखान्यात’ हा प्रश्न सुटला पाहिजे. तो कळा सुरू झाल्यावर सुटत नाही, सातव्या-आठव्या महिन्यातच सोडवावा लागतो.

‘एकदा सिझर, कायम सिझर’ हे वाक्य न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या डॉक्टरांनी १९१६ मध्ये लिहिलं. त्यांचा रोख पहिलं सिझर उगाच करू नका, असा इशारा देण्याकडे होता. शिवाय तेव्हा गर्भपिशवी वरच्या, जाड भागात उभी कापत. प्रसूतीत सगळा जोर त्याच भागावर येतो, त्यामुळे तो टाका उसवण्याची भीती खरी होती. पुढे १९२० च्या दशकात ग्लासगोच्या मनरो कर यांनी पिशवीच्या खालच्या, पातळ भागात आडवा छेद घेण्याची पद्धत रुजवली आणि आज जवळजवळ सगळी सिझर तशीच होतात. हा भाग कळांच्या वेळी स्वतः फारसा आकुंचन पावत नाही, ताणला जातो, आणि जखमही चांगली भरते. अशा एका आडव्या छेदानंतर ज्या बायका ठरवून नॉर्मलचा प्रयत्न करतात, त्यांच्यापैकी शंभरात ७२ ते ७५ जणींचं बाळंतपण खालूनच होतं, असं ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेची मार्गदर्शिका सांगते. आधी एखादं बाळंतपण नॉर्मल झालेलं असेल, तर हा आकडा ८५ ते ९० पर्यंत जातो. पहिलं सिझर बाळ पायाळू होतं किंवा त्याचे ठोके बिघडले म्हणून झालं असेल, तर आशा जास्त. कळा येऊनही बाळ खाली सरकलंच नाही म्हणून झालं असेल, तर कमी, पण तरीही निम्म्याहून बरीच वर. पिशवीचा टाका उसवण्याचा धोका दोनशेत एक, आणि या प्रयत्नात बाळ दगावण्याचा धोका साधारण पहिलटकरणीच्या बाळाला असतो तेवढाच.

हे आकडे वाचून हुरूप येतो, आणि इथेच मला वाचकाला थांबवायचं आहे. दोनशेत एक हा धोका टाका उसवण्याचा आहे. उसवल्यानंतर काय होतं, ते आकड्यात नाही, ते दवाखान्यात आहे. पिशवी उसवली की बाळाचा प्राणवायू तुटतो आणि आईच्या पोटात रक्तस्राव सुरू होतो. बाळ धडधाकट हवं असेल तर ते काही मिनिटांत बाहेर काढावं लागतं, अर्धा तास हा फार उशीर ठरू शकतो. ज्या दवाखान्यांतून हे आकडे आले, तिथे ऑपरेशन थिएटर त्याच इमारतीत होतं, भूलतज्ज्ञ हजर होता, रक्तपेढी हाताशी होती आणि बाळाचे ठोके सतत मोजले जात होते. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके सातपुड्याच्या पायथ्याशी, पूर्णा नदीच्या पलीकडे. तिथून नांदुऱ्याकडे यायचं तर येरळीचा पूल, शेगावकडे यायचं तर खिरोड्याचा. जुलै २०२३ मध्ये याच दोन तालुक्यांत अतिवृष्टीने पूर आला होता. दक्षिणेला लोणार, सिंदखेडराजा जिल्ह्याच्या पार टोकाला. तिथून बुलढाणा गाठायला चांगल्या दिवशीही खूप वेळ मोडतो. खामगावहून बुलढाण्याला येताना बोथ्याचा घाट, मलकापूरहून येताना राजूरचा. १०८ ची गाडी वेळेवर आली, चालक कितीही तत्पर असला, तरी हे अंतर काही मिनिटांत कापलं जात नाही. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर कितीही अनुभवी असली, तरी तिच्याकडे थिएटर नाही. म्हणून सिझर झालेल्या बाईने प्राथमिक केंद्रात किंवा घरी नॉर्मलचा प्रयत्न करणं म्हणजे दुसऱ्याच परिस्थितीतले आकडे आपल्यावर लावून घेणं आहे. जिल्हा स्त्री रुग्णालय, खामगावचं सामान्य रुग्णालय, शेगाव-मलकापूरची उपजिल्हा रुग्णालयं, किंवा सोय असलेला खासगी दवाखाना, यांपैकी एक नक्की करावं. दूरच्या तालुक्यातल्या बाईने दिवस भरत आले की त्या दवाखान्याच्या गावातल्या नातेवाइकांकडे येऊन राहावं. तारीख आषाढ-श्रावणात येत असेल, तर हे टाळूच नये.

यावर कुणी म्हणेल, मग सरळ दुसरं सिझरच का नको? दिवस ठरलेला, डॉक्टर ठरलेला, धाकधूक नाही. हा आक्षेप हलक्याने घेण्यासारखा नाही. ठरवून केलेलं सिझर बहुतेक वेळा सुखरूप होतं, आणि नॉर्मलचा प्रयत्न फसून ऐन कळांत करावं लागलेलं सिझर त्याहून त्रासाचं असतं, हे मान्यच करायला हवं. पण ठरवलेल्या सिझरलाही भूलतज्ज्ञ आणि रक्त लागतंच. ते ३९ आठवड्यांआधी उरकलं तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. खरी किंमत मात्र पुढच्या गरोदरपणात मोजावी लागते. वार जुन्या टाक्यावर रुजू शकते, कधी पिशवीच्या भिंतीत घुसते आणि सुटत नाही. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वार पिशवीच्या तोंडावर असलेल्या बायकांकडे पाहिलं गेलं. ज्यांचं ते पहिलंच सिझर होतं त्यांच्यात वार अशी चिकटण्याचं प्रमाण शंभरात ३ होतं, दुसऱ्याला ११ आणि तिसऱ्याला ४०. अशा वेळी गर्भपिशवी काढावी लागते, रक्ताच्या बाटल्यांवर बाटल्या लागतात आणि आई दगावूही शकते. आमचं दोनवरच थांबायचं आहे, दुसऱ्या सिझरबरोबरच नसबंदीही उरकून घेऊ, असं ज्या घरात सर्वांनी, आणि मुख्य म्हणजे त्या बाईने, मनापासून ठरवलं आहे, तिथे या युक्तिवादाचं वजन कमी होतं. तिने दुसरं सिझर निवडलं तर ती निवड पूर्णपणे शहाणपणाची आहे. पण मुलगा होईपर्यंतच्या आशेवर किंवा दबावावर तिसरी-चौथी खेप येणाऱ्या घरांत दुसऱ्या सिझरचा निर्णय पुढच्या दोन खेपांचाही निर्णय असतो, आणि तो तसा उघडपणे बोलला जात नाही याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा आक्षेप संशयाचा आहे: खासगी डॉक्टर पैशासाठी नॉर्मलला नाही म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात सिझरचं प्रमाण शंभरात २५ च्या पुढे होतं. देशभरात खासगी दवाखान्यांत ते ४७, तर सरकारीत १४. एवढी तफावत बायकांच्या शरीरातून आलेली नाही, हे उघड आहे, आणि पहिलंच सिझर गरजेचं होतं का हा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक घराला आहे. तरीही सिझर झालेल्या बाईला नॉर्मलसाठी नाही म्हणणारा तालुक्याच्या गावचा डॉक्टर दर वेळी लबाड असतो, असं मी मानत नाही. ज्याच्याकडे रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावाहून बोलवावा लागतो, रक्त खामगाव किंवा अकोल्याहून आणावं लागतं, त्याचा नकार प्रामाणिक आहे. माझी भीती उलट त्या दवाखान्याबद्दल आहे जो काही न विचारता ‘बघू, होऊन जाईल’ म्हणतो. म्हणून डॉक्टरांना ‘नॉर्मल कराल का’ एवढंच विचारू नये. रात्री-अपरात्री, रविवारी, सणाच्या दिवशी निर्णय झाल्यापासून किती वेळात ऑपरेशन सुरू होईल, भूलतज्ज्ञ कुठे राहतात, रक्त कुठून येईल, कळांच्या काळात बाळाचे ठोके कोण आणि किती वेळाने पाहणार, हे विचारावं. सरकारी रुग्णालयातही हेच प्रश्न विचारायला संकोच नको. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून तिथे नॉर्मल आणि सिझर दोन्ही मोफत आहेत, रक्त आणि वाहनही. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. आधी सिझर झालेली बाई तिथे जोखमीची गरोदर म्हणून नोंदवली जाते. ही नोंद अभिमानाने करून घ्यावी, तिच्यामुळेच तज्ज्ञांकडे वेळेत पाठवणी होते.

या सगळ्यात एक कागद फार मोलाचा आहे आणि आपल्याकडे तोच हरवलेला असतो. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, ही आपली रीत. त्यामुळे पहिल्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड जालन्याच्या किंवा वाशीमच्या कपाटात, आणि बाई मेहकरला. हे कार्ड नुसतं ‘सिझर झालं’ असं सांगत नाही. ते का झालं, पिशवीवरचा छेद आडवा होता की उभा, छेद फाटून वाढला होता का, नंतर ताप आला होता का, हे त्यावर किंवा ऑपरेशनच्या नोंदीत असतं. पोटावरचा टाका आडवा दिसतो म्हणून आतलाही आडवाच असेल, असं समजू नये. कातडीवरचा छेद आणि पिशवीवरचा छेद वेगवेगळे असू शकतात. उभा छेद असेल किंवा पूर्वी पिशवी उसवलेली असेल, तर नॉर्मलचा विषय तिथेच संपतो. म्हणून दिवस गेल्याचं कळताच माहेरून कार्ड मागवावं, हरवलं असेल तर त्या दवाखान्यातून नोंदीची प्रत आणवावी आणि ती माता-बाल संरक्षण कार्डाला टाचून ठेवावी. दोन बाळंतपणांत दीड-दोन वर्षांहून कमी अंतर असेल तर टाका कच्चा धरला जातो, तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार कुठे आहे ते विचारावं. ती पुढे, खाली, जुन्या टाक्यावर असेल तर अकोल्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे लवकर वळावं.

कळा सुरू झाल्या की कसलीही वाट न बघता ठरवलेल्या दवाखान्यात पोहोचायचं. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघायचं. वाटेत कुणाकडूनही कळा वाढवण्याची सुई घ्यायची नाही, हे घरातल्या सर्वांना, विशेषतः सासूबाई आणि नवऱ्याला, आधीच पक्कं सांगून ठेवावं. कळा औषधाने सुरू केल्या किंवा वाढवल्या की टाका उसवण्याचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो. रुग्णालयातले तज्ज्ञ गरज पडली तर ते औषध सलाईनमधून, मोजून आणि ठोक्यांवर लक्ष ठेवून देतात. गावात दंडात टोचलेली सुई मात्र परत काढता येत नाही. कळ ओसरल्यावर दुखणं थांबायला हवं. दोन कळांच्या मधेही टाक्यापाशी एकसारखं दुखत राहिलं, अंगावरून लाल रक्त गेलं, लघवीत रक्त दिसलं, चालू कळा एकाएकी थांबल्या किंवा खांद्यात कळ आली, तर त्याच क्षणी सिस्टरला हाक मारायची. पण बाळाचे ठोके बिघडणं हीच बहुधा पहिली खूण असते आणि ती बाईला स्वतःला जाणवत नाही. सोबतच्या बाईने दर थोड्या वेळाने ठोके तपासले जात आहेत ना, हे पाहावं.

आणि इतकं करूनही जवळपास असा दवाखाना मिळाला नाही, तर ३९ आठवडे भरल्यावर दिवसाउजेडी ठरवून सिझर करून घेण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त त्या तारखेआधीच कळा सुरू झाल्या तर कुठे जायचं, कुणाला फोन करायचा आणि कळा बऱ्याच पुढे गेलेल्या असतील तर काय करायचं, हे त्याच तपासणीत विचारून कार्डावर डॉक्टरांच्या हाताने लिहून घ्यावं.