मूठ आवळण्यासाठी नसते

कोल्हापूर

चि. सायलीस,


बांबूच्या धनुष्याला चामड्याची मूठ तू स्वतः शिवणार, हे वाचून आनंद झाला. चामडं कोणतं घेऊ, असं विचारलंयस. पण आधी मूठ कशासाठी, ते पक्कं समजून घे. पकड घट्ट व्हावी म्हणून ती नसते. धनुष्य आवळून धरलं की मनगट पिळतं आणि बाण बाजूला जातो. तळवा दर वेळी त्याच जागी बसावा आणि घामानं सरकू नये, एवढंच मुठीचं काम. म्हणून ती पातळच हवी. दीड मिलिमीटरचं चामडं गुंडाळलं तरी एकूण जाडी तीन मिलिमीटरनं वाढते. तुझ्या लहान हाताला तेवढाही फरक जाणवेल.

चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं घे. ते भिजवलं की मुठीचा आकार घेतं आणि वाळताना आवळून बसतं. क्रोमचं चामडं हाताला मऊ लागतं, पण भिजवून आकार धरत नाही.

पहिल्यांदा कागद गुंडाळून माप काढ. चामडं त्याहून थोडं अरुंद काप, दोन कडांमध्ये तीनेक मिलिमीटर फट राहू दे. ओलं चामडं ताणलं जातं. कडा आतून रापीनं तासून घे, बाण टेकतो तिथे तर जास्तच. तिथली जाडी बाणाला बाहेर ढकलते आणि नेम बदलतो. दोन्ही कडांना आरीनं समोरासमोर, सारखीच भोकं पाड. एक भोक कमी-जास्त झालं की शिवण तिरकी जाते.

धनुष्याचं वॉर्निश पुरतं वाळलेलं हवं, नाहीतर ओल बांबूत शिरेल. चामडं कोमट पाण्यात बुडवून ठेव, बुडबुडे थांबले की काढून पुसून घे. ओलं असताना त्याला लोखंड टेकून राहू देऊ नकोस. साल-हिरड्याच्या चामड्यावर लोखंडाचा काळा डाग पडतो आणि तो सहसा जात नाही. मेणाच्या दोऱ्याला दोन सुया लावून खालून वर फुलीची शिवण घाल. शिवण निशाणाच्या बाजूला ठेव, तळव्याखाली नको. मग सावलीत वाळव. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलंस तर चामडं कडक होऊन तडकेल. डिंक लावायची घाई करू नकोस. नुसती शिवलेली मूठ उसवून बदलता येते.

मूठ बसली की दोरी चढवून मूठ आणि दोरी यांमधलं अंतर पुन्हा मोज. ते मुठीच्या खोलगट भागापासून मोजतात, त्यामुळे दीड मिलिमीटर कमी भरेल. म्हणून लगेच दोरीला पीळ वाढवू नकोस; धनुष्य तेच आहे, फक्त मोजायची जागा सरकली आहे. आधी बाण सोडून बघ.

शिवण वाकडी गेली तर राहू दे. पण मूठ जाड झाली, तर ती कितीही देखणी असली तरी उसव आणि पुन्हा कर.

तुझा,
काका