शर्यतीच्या गाडीचा अभिकल्प-अहवाल

यंत्र तयार होऊन चालू लागले म्हणजे अभियंत्याचे काम पुरे झाले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः ते यंत्र तसेच का घडविले, दुसऱ्या रीतीने का घडविले नाही, आणि जे योजिले होते ते प्रत्यक्षात उतरले की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून ते काम पुरे होत नाही. ही उत्तरे ज्या लेखात ग्रथित केलेली असतात त्यास अभिकल्प-अहवाल म्हणतात. विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या शर्यतीच्या गाड्यांच्या स्पर्धेत या अहवालास मोठे महत्त्व आहे.

स्पर्धेचे स्वरूप

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिन येथे, १९८१ साली ‘फॉर्म्युला एसएई’ या नावाने ही स्पर्धा सुरू झाली. पुढे १९९८ साली ब्रिटनमध्ये आणि २००६ साली जर्मनीत तिच्याच धर्तीवर ‘फॉर्म्युला स्टुडंट’ स्पर्धा भरू लागल्या. भारतात २०११ पासून ‘सुप्रा एसएईइंडिया’ ही स्पर्धा सुरू झाली, आणि ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा कोइमतूर येथील कारी धावपट्टीवर भरविली जाऊ लागली. एका आसनाची, उघड्या चाकांची लहान गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः आखावी, बांधावी आणि चालवावी, अशी ही योजना आहे.

येथे केवळ वेगावर विजय ठरत नाही. फॉर्म्युला एसएईच्या रूढ गुणपद्धतीत एकूण १,००० गुण असतात. त्यांपैकी सुमारे २२ किलोमीटरच्या सहनशक्तीच्या धावेस २७५, ७५ मीटरच्या सरळ धावेस १०० आणि इंग्रजी आठाच्या आकाराच्या वळणमार्गास ७५ गुण असतात. अभिकल्पाच्या परीक्षणास १५० गुण असतात, म्हणजे सरळ धावेपेक्षा दीडपट. परीक्षक अहवाल आधी वाचतात आणि मग गाडीपाशी उभे राहून विद्यार्थ्यांना प्रश्न विचारतात. गाडीची पहिली भेट अशा रीतीने कागदावरच होते.

निर्णय आणि त्याचे कारण

अनेक वर्षे रूढ असलेल्या नियमाप्रमाणे हा अहवाल आठ पृष्ठांपेक्षा मोठा असू नये. एवढ्या थोड्या जागेत सांगाडा, स्प्रिंगयंत्रणा, सुकाणू, ब्रेक, एंजिन किंवा विद्युत-चलित्र या सर्वांचा परामर्श घ्यावयाचा असतो. साहजिकच नवशिक्याचा अहवाल सुट्या भागांची यादी होऊन बसतो. ‘सांगाडा पोलादी नळ्यांचा आहे, ब्रेक चारही चाकांना आहेत’ अशी वाक्ये परीक्षकास काहीच सांगत नाहीत, कारण हे सारे गाडीकडे पाहताच दिसते. जे डोळ्यांना दिसत नाही तेच अहवालाने सांगावयाचे असते.

म्हणून प्रत्येक भागाचे विवेचन चार पायऱ्यांनी करावे. प्रथम ध्येय सांगावे. मग कोणते पर्याय विचारात घेतले ते सांगावे. त्यानंतर निवड कोणत्या हिशोबाने केली ते दाखवावे, आणि शेवटी मापनाने तिचा पडताळा कसा आला ते नोंदवावे. यांतील एक पायरी जरी गळली तरी विधान निराधार राहते.

एक उदाहरण

वळणमार्गाचेच उदाहरण घेऊ. या मार्गावरील प्रत्येक वर्तुळाच्या आतील कडेचा व्यास १५.२५ मीटर व मार्गाची रुंदी ३ मीटर असते. तेव्हा मध्यरेषेची त्रिज्या ९.१२५ मीटर आणि परीघ सुमारे ५७.३ मीटर येतो. एक फेरी ५ सेकंदांत पुरी करावी असे ध्येय ठेवले, तर मध्यरेषेवरून जाणाऱ्या गाडीचा वेग सेकंदास सुमारे ११.५ मीटर असावा लागेल. वेगाच्या वर्गास त्रिज्येने भागले असता केंद्राभिमुख त्वरण मिळते. ते येथे सुमारे १४.४ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या १.४७ पट भरते.

आता समजा, चालकासह गाडीचे वस्तुमान २८० किलोग्रॅम, गुरुत्वमध्याची उंची ०.३० मीटर आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १.२० मीटर आहे. वस्तुमान, त्वरण व उंची यांच्या गुणाकारास चाकांमधील अंतराने भागले म्हणजे वळणाच्या आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर सरकणारा भार कळतो. तो येथे सुमारे १,००८ न्यूटन आहे. गाडी उभी असता प्रत्येक बाजूवर सुमारे १,३७३ न्यूटन भार असतो. वळणावर आतील बाजूस केवळ ३६५ न्यूटन उरतो आणि बाहेरील बाजूवर २,३८१ न्यूटन पडतो.

यात हानी कोणती? टायरवरील भार दुप्पट केला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही. म्हणून बाहेरील टायरची पकड जेवढी वाढते त्यापेक्षा आतील टायरची अधिक घटते आणि एकूण पकड कमी होते. गुरुत्वमध्य २५ मिलिमीटर खाली आणल्यास सरकणारा भार ९२४ न्यूटनांवर येतो. चाकांमधील अंतर १.३० मीटर केल्यासही तो सुमारे ९३० न्यूटन होतो. मात्र रुंद गाडीस अरुंद नागमोडी मार्गावर अधिक वळसा घ्यावा लागतो. हा लाभ आणि ही हानी शेजारी-शेजारी मांडून ‘म्हणून आम्ही एंजिन खाली बसविले, रुंदी वाढविली नाही’ असे लिहिले, म्हणजे ते वाक्य अभियंत्याचे झाले.

अंदाज आणि मापन

वरील हिशोबात गुरुत्वमध्याची उंची ०.३० मीटर धरली. ती कोठून आली? संगणकावरील आराखड्यातून आली असेल, तर अहवालात तसे स्पष्ट म्हटले पाहिजे. बांधलेल्या गाडीत तारा, नळ्या, खिळे-चाप्या आणि खुद्द चालक यांचे वजन आराखड्याप्रमाणेच असेल असे नाही. गाडीचा एक आस उचलून धरून दुसऱ्या आसाच्या चाकांखालील काट्यांवर किती भार वाढतो हे पाहिले असता ही उंची प्रत्यक्ष काढता येते.

हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. धावेपूर्वी गाडी, तिच्या सर्वांत उंच चालकासह, एका फळीवर ६० अंशांपर्यंत तिरपी करतात. ती उलटता कामा नये. टायर आणि स्प्रिंगा यांचे दबणे सोडून दिले, तर उंची ०.३० मीटर असलेली आपली गाडी सुमारे ६३ अंशांपर्यंत तग धरील. पण खरी उंची ०.३५ मीटर निघाली, तर ती ६० अंशांच्या आतच कलंडेल. पाच सेंटिमीटरांच्या चुकीने वर्षभराचे श्रम धावपट्टीच्या बाहेर राहतील. त्याहून गंभीर गोष्ट ही की, आत बसणाऱ्या चालकाची सुरक्षितता त्याच आकड्यावर अवलंबून असते.

याकरिता अहवालात गणिताचा आकडा आणि मापनाचा आकडा हे दोन्ही द्यावेत. समजा, सांगाड्यास एक अंश पीळ देण्यास २,६०० न्यूटन-मीटर लागतील असा हिशोब होता आणि प्रयोगात २,००० च लागले. पुष्कळ विद्यार्थ्यांस दुसरा आकडा लपवावासा वाटतो. परंतु हिशोबात सांधे पूर्ण ताठ मानले होते, प्रत्यक्षात ते किंचित लवतात, हे शोधून लिहिणारा विद्यार्थी परीक्षकाचा विश्वास संपादन करतो. तफावत असणे हा दोष नव्हे; तिचे कारण न शोधणे हा दोष होय.

भाषा आणि आकृती

अहवालाची भाषा साधी व नेमकी असावी. ‘अत्यंत हलकी’, ‘सर्वोत्तम’ यांसारखी विशेषणे वर्ज्य करून तेथे आकडा व त्याचे एकक लिहावे. आकृतीवर मापे असावीत आणि आलेखाच्या दोन्ही अक्षांवर राशींची नावे असावीत. प्रत्येक विभाग तो भाग घडविणाऱ्यानेच लिहावा, पण अखेरचा हात एकानेच फिरवावा. तसे न केल्यास एका पृष्ठावर गाडीचे वजन २१० किलोग्रॅम आणि दुसऱ्यावर २२५ किलोग्रॅम अशी विसंगती उरते, आणि परीक्षकाच्या दृष्टीस ती प्रथम पडते.

पुढच्या तुकडीसाठी

स्पर्धा संपते, विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात आणि गाडीचे भाग सुटे होतात. महाविद्यालयात मागे उरतो तो अहवाल. कोणता पर्याय का टाकला हे लिहून ठेवलेले नसेल, तर नवी तुकडी तोच पर्याय पुन्हा आजमावते, तीच चूक पुन्हा करते आणि तेवढेच महिने पुन्हा खर्ची घालते. परीक्षकाचे वाचन एका दिवसाचे; पुढच्या तुकडीचे वाचन वर्षभर चालते. अहवाल लिहिताना या दुसऱ्या वाचकाचे स्मरण ठेवले, तर पहिल्याचे समाधान आपोआप होते.