घर तपासण्याचा व्यवसाय : परवाना कुणाचा, विमा कशाचा?

नव्या फ्लॅटचा ताबा घेण्यापूर्वी तो जाणकाराकडून तपासून घेण्याची पद्धत पुण्या-मुंबईत रुजू लागली आहे. भिंतीतली ओल, आतून पोकळ राहिलेल्या फरश्या, बाथरूमचा चुकलेला उतार, अर्थिंग नसलेले सॉकेट हे सगळं हुडकून फोटोंसह अहवाल द्यायचा, असं हे काम. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणून वेळेवर झालेल्या तपासणीला मोल आहे. सिव्हिलच्या मुलामुलींना हे काम खुणावतं, आणि पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : याला सरकारी मान्यता आहे का?

नाही. आपल्याकडे घर-तपासनीस म्हणून वेगळा परवाना देणारा कायदा नाही. काम बेकायदा नाही, पण ओल मोजायचं यंत्र विकत घेऊन उद्या कुणीही हाच व्यवसाय सुरू करू शकतो. तेव्हा ग्राहकाने तुमच्यावरच विश्वास का ठेवावा, याचं उत्तर तुमच्या पदवीत आणि अनुभवात असायला हवं.

‘अमेरिकेत लायसन्स लागतं’ असं क्लासवाले सांगतात, तेही अर्धंच खरं. तिथे प्रत्येक राज्याचा नियम निराळा. न्यूयॉर्कमध्ये १४० तासांचं प्रशिक्षण लागतं आणि त्यातले ४० तास प्रत्यक्ष घरांच्या तपासणीवर घालवावे लागतात. कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्यात मात्र परवान्याची अटच नाही. विम्याचंही तसंच. फ्लोरिडा किमान ३ लाख डॉलरचा सर्वसाधारण दायित्व विमा मागतं. टेक्सासचा भर व्यावसायिक चुकीच्या विम्यावर आहे, प्रत्येक घटनेला किमान १ लाख डॉलर.

या दोन विम्यांतला फरक आपल्याकडच्या मुलांनीही नीट समजून घ्यावा, असं मला कळकळीने वाटतं. तपासणी करताना शिडी घसरली आणि घरातला टीव्ही फुटला, तर ते नुकसान पहिल्या प्रकारच्या विम्यात बसतं. पण अहवालात गच्चीची गळती नोंदवायची राहिली आणि पुढच्या पावसाळ्यात ग्राहकाने दुरुस्तीचा खर्च तुमच्याकडे मागितला, तर तो विमा कामाचा नाही. तिथे प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसीच लागते. तिचा हप्ता भरणं नवख्याला जड वाटतं, पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक दोन वर्षांपर्यंत आयोगाकडे तक्रार करू शकतो. शिवाय ही पॉलिसी साधारणपणे दावा येईल त्या वेळी चालू असावी लागते. काम बंद केलं म्हणून पॉलिसीही बंद केली, तर जुन्या अहवालावर आलेला दावा स्वतःच्या खिशातून निस्तरावा लागतो. आणि जाणूनबुजून खोटा अहवाल दिला असेल, तर कुठलाही विमा वाचवत नाही.

ज्यांना कायद्याचा पक्का आधार हवा, त्यांच्यासाठी याच क्षेत्राला लागून वाटा आहेत. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडूनच करून घ्यावी लागते, आणि शहरात अशा इमारतींना तोटा नाही. दुसरी वाट नोंदणीकृत मूल्यांककाची. २०१७ च्या नियमांनुसार जमीन व इमारत या गटासाठी सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा नगररचनेची पदवी आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर शिक्षण असेल, तर तीन वर्षं पुरतात. ५० तासांचा अभ्यासक्रम करून शंभरपैकी ६० गुण मिळवावे लागतात आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जातात. तिसरी वाट विमा सर्व्हेअरची. आग, पूर, पडझड यांत झालेलं नुकसान मोजणारा हा माणूस, आणि त्याचा परवाना विमा नियामक प्राधिकरण देतं.

माझं मत विचाराल, तर पदवीनंतर आधी चार-पाच वर्षं साइटवर काढा. प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग स्वतःसमोर होताना पाहिल्याशिवाय तयार भिंतीमागचा दोष ओळखू येत नाही. इथे पैसा सावकाश येतो, हे पालकांनी आधीच मान्य करावं. चार-दोन आठवड्यांच्या कोर्सनंतर ‘सर्टिफाइड होम इन्स्पेक्टर’ करून देण्याचं आश्वासन कुणी देत असेल, तर फी भरण्यापूर्वी त्यांच्याकडून हे लेखी मागा : हा दाखला कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या प्राधिकरणाकडून मिळणार? लेखी उत्तर आलं नाही, तर पैसे भरू नका.