नोटरीचा शिक्का : तो काय सांगतो, काय सांगत नाही



यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायात एका जमिनीच्या व्यवहाराची हकिकत आहे. यिर्मयाने आपला चुलतभाऊ हनामेल याच्याकडून अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतले. खत लिहिले, सही झाली, साक्षीदारांनी सह्या केल्या, मोहोर लावली. मग मोहोरबंद खत आणि उघडे खत अशी दोन्ही बारूखाच्या हाती देऊन मातीच्या भांड्यात जपून ठेवायला सांगितली. कागद खरा ठरण्यासाठी काय लागते हे त्यात सगळे आले : ओळखीची माणसे, साक्षीदार, मोहोर आणि जपून ठेवलेली प्रत.

आज मोहोर लावणारा माणूस म्हणून आपल्याला नोटरी माहीत आहे. जळगाव किंवा धुळ्याच्या कोर्टाच्या आवारात, तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेले नोटरी वकील आपण सर्वांनी पाहिले आहेत. सातपुड्याच्या पाड्यांवरून येणारे पावरा, भिल्ल, तडवी बांधव पुष्कळदा त्यांच्यासमोर अंगठा उठवतात आणि "सरकारी शिक्का बसला, आता काम पक्के झाले" असे समजून घरी जातात. हा समज घातक ठरू शकतो. म्हणून या अंकाच्या अभ्यासपाठासाठी हा विषय घेतला आहे.

नोटरी कोण असतो?

आपल्या देशात नोटरीचे काम १९५२ च्या नोटरी कायद्याप्रमाणे आणि १९५६ च्या नियमांप्रमाणे चालते. केंद्र किंवा राज्य सरकार अनुभवी वकिलांमधून नोटरी नेमते. साधारणपणे दहा वर्षांची वकिली लागते; अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी ही अट सात वर्षांची आहे. आपल्या भागातील आदिवासी वकील मुलामुलींनी हे लक्षात ठेवावे.

नोटरीची मुख्य कामे अशी : शपथ देऊन प्रतिज्ञापत्र करून घेणे, दस्तावर सही करणारा माणूस तोच आहे याची खात्री करून तसे प्रमाणित करणे, भाषांतर करणे व ते तपासणे, हुंडी किंवा वचनचिठ्ठी नाकारली गेली तर तशी नोंद करणे. प्रत्येक कामाची नोंद त्याने आपल्या रजिस्टरात करायची असते. फीचे दर कार्यालयात दिसतील असे लावायचे असतात आणि घेतलेल्या पैशांची पावती द्यायची असते.

गोव्यातील निराळी पद्धत

पोर्तुगाल, फ्रान्स, स्पेन या देशांत नोटरी केवळ शिक्का मारत नाही. तो दोन्ही बाजूंचे ऐकतो, कायदा समजावतो, दस्त स्वतः लिहितो आणि मूळ प्रत आपल्या दप्तरात ठेवतो. पोर्तुगीज अमलामुळे ही पद्धत गोव्यात आली आणि १९६१ नंतरही टिकली. वारसाहक्क व विशेष नोटरी यांविषयीचा गोव्याचा २०१२ चा कायदा याच परंपरेतला आहे. तेथे मृत्युपत्र किंवा वारसांचा दस्त विशेष नोटरीसमोर होतो आणि सरकारी दप्तरात राहतो.

महाराष्ट्रात तसे नाही. येथे दस्त बहुधा दुसऱ्यानेच लिहून आणलेला असतो. नोटरीचा शिक्का एवढेच सांगतो की अमुक माणसाने अमुक दिवशी माझ्यासमोर सही केली. आतला मजकूर खरा आहे किंवा व्यवहार कायदेशीर आहे, असे तो सांगत नाही.

जमिनीचा प्रश्न

समजा, शिरपूर तालुक्यातील एका पाड्यावरच्या शेतकऱ्याला घरच्या आजारपणासाठी तातडीने पैसे हवे आहेत. ओळखीचा एक बिगर आदिवासी माणूस पैसे देतो आणि स्टॅम्पपेपरवर सौदापावती लिहून घेतो. ती नोटरी होते. पुढच्या पावसाळ्यात शेत तोच पेरतो आणि म्हणतो, "तू नोटरी करून दिली आहेस." शेतकरी गप्प बसतो.

त्याने गप्प बसण्याचे कारण नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या जमिनीची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खरेदीखतानेच होते. मुखत्यारपत्र आणि सौद्याचा करार यांवरून मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले आहे. शिवाय जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्ट्याने देण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. विक्रीसाठी राज्य शासनाची पूर्वमान्यताही लागते. नोटरीच्या शिक्क्याने ही मंजुरी मिळत नाही. अशी गेलेली जमीन परत मिळावी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

वनहक्काच्या जमिनीचा नियम आणखी कडक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे मिळालेला हक्क वारसांकडे जातो, पण तो विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. पती-पत्नी दोघे असतील तर तो दोघांच्या नावे असतो. म्हणून वनपट्ट्याची "नोटरी खरेदी" ही खरेदीच नव्हे.

या कायद्यांमागे खानदेशातल्या माणसांचे कष्ट आहेत. १९७० नंतरच्या वर्षांत, त्या वेळी धुळे जिल्ह्यात असलेल्या शहादा तालुक्यात, अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली भिल्ल शेतकरी आणि मजूर गेलेल्या जमिनींसाठी उभे राहिले. १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्रात झाला. जे इतक्या कष्टाने मिळाले ते एका न वाचलेल्या कागदावर जाऊ नये.

जेथे नोटरीची गरज नाही

पुष्कळ गरीब कुटुंबांचा खर्च नको त्या प्रतिज्ञापत्रांवर होतो. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने, कायद्याने आवश्यक नसेल तेथे प्रतिज्ञापत्राऐवजी साधे स्वयंघोषणापत्र आणि झेरॉक्सवर स्वतःचीच सही चालते. जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला अशा कामांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरील मुद्रांक शुल्क २००४ पासूनच माफ आहे. म्हणून शंभराचा किंवा पाचशेचा स्टॅम्प आणायला कोणी सांगितले, तर आधी विचारावे : हे कोणत्या नियमाने?

आपण काय करू शकतो?

आपल्या मंडळीतील शिकलेले बंधुभगिनी पाड्यावरच्या माणसाबरोबर कचेरीत गेले तर मोठी मदत होते. तेथे पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. कागद आधी पूर्ण वाचून दाखवावा. पावरी, भिली किंवा अहिराणी, ज्या भाषेत त्याला कळते त्या भाषेत. "वाचून व समजावून सांगितले" असा शेरा असेल तर तो खरा असला पाहिजे.

२. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही अगर अंगठा देऊ नये.

३. नोटरीसमोर स्वतः हजर राहावे. शिक्क्यावर नोटरीचे नाव आणि कार्यक्षेत्र आहे का ते पाहावे, रजिस्टरातील नोंदीचा क्रमांक टिपून घ्यावा, पावती मागावी.

४. प्रत घेतल्याशिवाय उठू नये. सातबारा, वनपट्टा आणि आधार यांच्याबरोबर ती घरी जपून ठेवावी.

५. जमिनीचा कोणताही कागद असेल तर सहीपूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. धुळे आणि जळगाव येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज करावा. मदतीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

नोटरीबद्दल मनात अढी धरण्याचे कारण नाही. प्रामाणिक नोटरी गरिबाचा चांगला साक्षीदार असतो. पण साक्षीदार जे पाहतो तेवढेच सांगतो. कागदात काय लिहिले आहे हे कळून घेण्याचे काम आपले आहे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्या शेजारी बसण्याचेही.

चर्चेसाठी प्रश्न

१. यिर्मयाने व्यवहार करताना कोणकोणती काळजी घेतली? त्यातील कोणती आपण घेत नाही?

२. आपल्या ओळखीच्या एखाद्या कुटुंबाने "नोटरी करून" जमीन दिली आहे का? त्यांना आज कोणती माहिती द्यायला हवी?

३. महिन्यातून एक दिवस कचेरीत सोबत जाण्यासाठी आपल्या मंडळीतून कोण पुढे येईल?